बाहेरचे की आतले? विषाणूचा डीएनए आणि जागी होणारी कर्कजनुके

सकाळच्या गाडीने लासूर स्टेशनहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्यांत नोकरदार असतात, कॉलेजची मुले असतात, आणि रोज दोन-चार जण तरी हातात एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाची पिशवी सांभाळत बसलेले असतात. ती पिशवी दिसली की ओळखावे, हे शासकीय कर्करोग रुग्णालयात ‘शेक’ घ्यायला निघाले आहेत. किरणोपचाराला आमच्याकडे शेक म्हणतात. काही वर्षांपूर्वी पोटूल आणि दौलताबादच्या दरम्यान शेजारी बसलेल्या एका मावशींनी मला विचारले, “सर, हा रोग आतला असतो का बाहेरचा?” मी जीवशास्त्र शिकवतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग झाला होता. मी सांगितले, “विषाणूमुळे होतो, म्हणजे बाहेरचा.” उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेल्या अर्ध्यावर शास्त्रज्ञ चाळीसहून अधिक वर्षे वाद घालत आहेत, आणि त्या वादाचा हिशोब मांडायला मला हा लेख हवा होता.

प्रश्न असा आहे. काही विषाणूंचा डीएनए आपल्या पेशीत नुसता राहत नाही, तो आपल्या गुणसूत्रात रुततो, त्याचाच भाग होतो. पुढे ती पेशी बेलगाम वाढू लागली, तर दोष कोणाचा? विषाणूने सोबत आणलेल्या जनुकांचा, की तो जिथे रुतला तिथे शेजारी शांत बसलेल्या आणि त्याच्यामुळे जाग्या झालेल्या आपल्याच जनुकांचा?

सुरुवात कोंबडीपासून

१९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला की त्यात पेशीच काय, जिवाणूही उरू नये. तो अर्क निरोगी कोंबडीला टोचला आणि तिलाही तशीच गाठ आली. गाळणीतून पार झालेली वस्तू विषाणू होती. हे काम कोंबड्यांपुरते समजून बहुतेकांनी बाजूला ठेवले. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, ५५ वर्षांनी.

१९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की या जातीच्या विषाणूंकडे आरएनएवरून उलट डीएनए तयार करणारे विकर असते. तो डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात कायमचा बसतो आणि पेशी विभागली की दोन्ही लेकींकडे जातो. यांनाच रेट्रोव्हायरस म्हणतात. मग १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या गटाने सर्वांना चकित केले. राउस यांच्या विषाणूत गाठ आणणारे जे ‘सार्क’ जनुक होते ते मुळात कोंबडीचेच निघाले. विषाणूने कधी काळी ते उचलून नेले होते. बाहेरचे म्हणून ज्याकडे बोट दाखवले ते घरातलेच होते.

पण यातून एक कोडे उरले. कोंबड्यांतच एव्हियन ल्युकोसिस नावाचा दुसरा विषाणू असतो. त्याच्याकडे सार्क नाही, तसले दुसरे कोणतेही जनुक नाही. तरी त्याने कोंबड्यांना लसिकापेशींचा कर्करोग होतो, फक्त राउसच्या विषाणूसारखा काही आठवड्यांत नव्हे, काही महिन्यांनी. हत्यार नसताना खून होतो कसा? १९८१ मध्ये विल्यम हेवर्ड, बेंजामिन नील आणि सुझन ॲस्ट्रिन यांनी ते सोडवले. वेगवेगळ्या कोंबड्यांच्या गाठी तपासल्या तेव्हा विषाणू पुन्हा पुन्हा एकाच जनुकाच्या शेजारी रुतलेला सापडला. ते जनुक ‘मिक’. पेशीने कधी विभागायचे हे ठरवणाऱ्यांपैकी ते एक आहे.

मोटारीचा ‘ऑटो’

आमच्या भागातल्या कुणाला हे समजावायचे तर मी विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण देतो. मोटार म्हणजे मिकसारखे जनुक. ती गरजेपुरती चालवायची आणि बंद करायची. रेट्रोव्हायरसच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना जनुक चालू करणारा एक तुकडा असतो, त्याला प्रवर्तक म्हणतात. हा म्हणजे स्टार्टरला बसवलेला ‘ऑटो’. वीज आली की कुणी शेतात असो नसो, मोटार आपोआप सुरू होते. विषाणू नेमका मोटारीच्या तोंडाशी रुतला की त्याचा ऑटो आपली मोटार चालवू लागतो. पिकाला पाणी पुरे झाले आहे, हे पाहायला तिथे कुणी उरत नाही.

पुढच्याच वर्षी या चित्रात भर पडली. काही गाठींत विषाणू मिकच्या पलीकडच्या बाजूला सापडला, काहींत उलट्या तोंडाने. अशा जागेवरून ऑटो मोटारीला जोडलाच जाऊ शकत नाही. तरी मिक जोरात चालू होते. खुलासा असा की विषाणूच्या टोकांत आणखी एक गुण असतो, ‘वर्धका’चा. डीपीवरचा दाब वाढला की त्या लाइनवरच्या साऱ्या मोटारी जोराने पाणी ओढतात, त्या डीपीकडे तोंड करून आहेत की पाठ, याने फरक पडत नाही. वर्धकाचे तसेच, आणि त्याला अंतराचीही फारशी अडचण नसते. याशिवाय तिसरी वाट आहे. विषाणू जनुकाच्या पोटातच रुतून ते मोडतो, आणि ते जनुक वाढीला आवर घालणारे असेल तर ब्रेक निकामी होतो.

त्याच १९८२ मध्ये रुल नुसे आणि वार्मस यांनी उंदरांच्या स्तनाच्या गाठींत हीच युक्ती वापरली. गाठीत विषाणू कुठे रुतला ते शोधायचे आणि शेजारचे जनुक पकडायचे. सापडलेल्या जनुकाला ‘इंट-१’ म्हटले. पुढे फळमाशीच्या पंखाशी निगडित असलेल्या एका जनुकाशी त्याचे नाते जुळले आणि दोन्ही नावे मिसळून ‘विंट’ हे नाव तयार झाले. गर्भाची घडण समजून घेताना आज विंटशिवाय पाऊल पुढे पडत नाही. विषाणू इथे कर्कजनुकांचा वाटाड्या झाला.

असे रुतणे नेहमी घातकच असते असेही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अरौकाना कोंबड्यांची निळी अंडी एका जुन्या रेट्रोव्हायरसची करणी आहे. तो एका जनुकाजवळ रुतला, ते जनुक कवच बनवणाऱ्या ग्रंथीत चालू झाले, आणि कवचाला निळा रंग आला. यंत्रणा तीच. फक्त जागे झालेले जनुक निराळे.

माणसाकडे येताना

कोंबडी-उंदरांचे रेट्रोव्हायरस रुततात ते स्वभावाने. त्यासाठी त्यांच्याकडे खास विकर असते आणि रुतल्याशिवाय त्यांचे जीवनचक्र पुरे होत नाही. माणसात कर्करोगाशी जोडले गेलेले दोन मोठे विषाणू, म्हणजे यकृताचा हिपॅटायटिस बी आणि गर्भाशयमुखाचा एचपीव्ही, तसे नाहीत. त्यांचे रुतणे हा अपघात असतो. पेशीचा डीएनए कुठेतरी तुटतो, दुरुस्ती चालू असते, आणि विषाणूचा तुकडा त्या सांध्यात अडकतो. विषाणूला त्यातून काही मिळत नाही, त्याची पुढची पिढी तिथेच थांबते. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर कोंबडीवरचे निष्कर्ष माणसावर सरसकट लादले जातात, आणि सुरुवातीला ते काही प्रमाणात झालेही.

हिपॅटायटिस बीबद्दल आता पुष्कळसे एकमत आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या विषाणूची लागण झालेल्या यकृत-कर्करोगाच्या रुग्णांचा सगळा जनुकसंच वाचला गेला. ८६ टक्क्यांहून अधिक गाठींत विषाणू रुतलेला होता, तर शेजारच्या बिनगाठीच्या यकृतात सुमारे ३१ टक्क्यांत. गाठींत तो पुन्हा पुन्हा ‘टर्ट’, ‘एमएलएल-४’ आणि ‘सायक्लिन ई’ या जनुकांपाशी आढळला. गुणसूत्रांची टोके झिजू न देणारे विकर टर्टमुळे बनते. सामान्य यकृतपेशीत ते बंद असते, चालू झाले की पेशीचे वय थांबते. मोटारीचा दृष्टान्त इथे बराच लागू पडतो.

एचपीव्हीचे प्रकरण मात्र गुंतागुंतीचे आहे, आणि आपल्यासाठी तेच महत्त्वाचे. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि जवळपास ८० हजार मृत्यू.

एचपीव्ही : तीन मते

हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या जर्मनीतल्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८ गर्भाशयमुखाच्या गाठींतून वेगळे केले. त्यासाठी त्यांना २००८चे नोबेल मिळाले. लवकरच दिसले की गाठींत विषाणू बहुधा गुणसूत्रात रुतलेला असतो, आणि रुतताना त्याचे स्वतःचे ‘ई-२’ जनुक अनेकदा तुटते.

पहिले मत इथूनच निघते. एचपीव्हीकडे ई-६ आणि ई-७ अशी दोन जनुके आहेत. ई-६ पेशीतल्या पी-५३ या राखणदाराला संपवते, ई-७ आरबी नावाच्या ब्रेकला. एरवी ई-२ या दोघांवर वचक ठेवते. रुतताना ई-२ तुटले की दोघे मोकाट सुटतात. या मताप्रमाणे विषाणू कुठे उतरला याला फारसा अर्थ नाही. त्याने काय आणले आणि उतरताना काय मोडले, एवढेच पाहायचे. याचा भक्कम पुरावा हेला पेशींतून आला. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून १९५१ मध्ये, तिला न विचारता घेतलेल्या या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. त्यांत एचपीव्ही-१८ आहे. बाहेरून ई-२ परत घातले की ई-६ आणि ई-७ गप्प होतात, आणि पन्नास वर्षे न थांबलेल्या या पेशी वाढ थांबवून म्हाताऱ्या होतात. इतक्या वर्षांनीही गाठ विषाणूच्याच जनुकांवर जगत होती.

दुसरे मत जागेला महत्त्व देते, आणि त्याचाही सर्वांत चांगला पुरावा हेलाच आहे, हे मला विलक्षण वाटते. २०१३ मध्ये हेलाचा जनुकसंच बारकाईने वाचला गेला. आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रे वेगळी करून पाहिली. विषाणू आठव्या गुणसूत्रावर, मिकपासून सुमारे पाच लाख अक्षरे दूर रुतलेला आहे. ज्या प्रतीवर तो आहे तिथलेच मिक जोरात चालू आहे, दुसऱ्या प्रतीवरचे नाही. पेशीत सगळीकडे फिरणाऱ्या ई-६ आणि ई-७मुळे हे झाले असते तर दोन्ही प्रती सारख्या पेटल्या असत्या. कोंबडीतले तेच जनुक, आणि डीपीचा तोच दाब, इथे स्त्रीच्या पेशीत पुन्हा दिसतो. पुढे इतर गाठींतही मिकच्या परिसरात आणि आणखी काही ठिकाणी एचपीव्हीचे अड्डे सापडत गेले.

तिसरे मत अलीकडचे आहे, डीएनएचे लांब लांब तुकडे सलग वाचणारी यंत्रे आल्यानंतर बळावलेले. रुतण्याच्या जागी आजूबाजूचा मानवी डीएनए अनेकदा वेटोळे घालून पुन्हा पुन्हा छापला गेलेला दिसतो. कधी विषाणू आणि मानवी तुकडा मिळून गुणसूत्राबाहेर वेगळी वर्तुळेही तयार होतात. या मताप्रमाणे विषाणू एक जनुक पेटवून थांबत नाही. तो त्या जागेची घडीच विसकटून टाकतो, आणि एकाच जनुकाच्या दहा-वीस प्रती होतात.

तिन्ही बाजू ऐकल्यावर एक शंका साऱ्यांवरच घ्यावी लागते. शेतात बी फोकले तर ते सगळीकडे पडते, पण उगवते ओल असेल तिथे. उगवलेली रोपे पाहून बी कुठे पडले हे सांगता येत नाही. गाठीत आपल्याला दिसते ते उगवलेले रोप असते. लाखो पेशींत विषाणू कुठे कुठे रुतला असेल, त्यांतली जी पेशी वरचढ ठरली तिचीच गाठ झाली. शिवाय गुणसूत्रांचे काही भाग मुळातच ठिसूळ असतात आणि तिथे तुकडे अडकण्याची शक्यता जास्त. म्हणून एखाद्या जागी विषाणू वारंवार सापडणे याचे दोन अर्थ होतात : तिथे रुतल्याने पेशीला फायदा झाला, किंवा तिथे रुतणे सोपे होते. दोन्ही वेगळे करायला कर्करोगाच्या कित्येक वर्षे आधीच्या पेशी लागतात, आणि तशा अभ्यासांची संख्या अजून थोडी आहे.

सगळ्या गाठींत विषाणू रुतलेला असतो असेही नाही. कर्करोगांचे जनुकसंच वाचणाऱ्या अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पाने २०१७ मध्ये सांगितले की तपासलेल्या एचपीव्ही-१८च्या सर्व गाठींत तो रुतलेला होता, पण एचपीव्ही-१६च्या ७६ टक्क्यांत. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा गाठी रुतण्याविनाच झाल्या. माझे मत पहिल्या बाजूकडे थोडे झुकते ते या आकड्यामुळे. ई-६ आणि ई-७ हे मूळ इंधन. रुतण्याची जागा काही गाठींना जास्तीचा जोर देते. अर्थात एचपीव्ही-१८बद्दल मी हे तितक्या ठामपणे म्हणणार नाही.

या कामात आपला हिस्सा आहे. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत रीता मुल्हेरकर यांच्या गटाने २०१२ मध्ये भारतीय स्त्रियांच्या गाठींतले एचपीव्हीचे प्रकार आणि रुतण्याच्या जागा प्रसिद्ध केल्या. २०१५ मध्ये तिथल्याच अमित दत्त यांच्या गटाने वाचलेल्या जनुकसंचातून एचपीव्ही आहे का आणि कुठे रुतला आहे हे शोधणारी ‘एचपीव्हीडिटेक्टर’ ही संगणकीय पद्धत तयार केली.

धाराशिवचा पुरावा आणि एक अडलेला प्रश्न

या वादाचा दवाखान्याशी संबंध काय? उत्तर मराठवाड्यातच आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांवर एक अभ्यास केला. काहींची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, काहींची पॅप तपासणी, काहींची ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने पाहणी, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निकाल आला. आठ वर्षांत नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. पुढच्या टप्प्याचे कर्करोग पहिल्यात ८२ होते, दुसऱ्यात ३९. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंत असा ठळक फरक पडला नाही. चाचणी झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही गटांतल्या बायकांचे जगभरच्या तपासणी-धोरणावर ऋण आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते.

पण एचपीव्ही सापडला म्हणजे कर्करोग होणार असे नाही. बहुतेक स्त्रियांचे शरीर तो एक-दोन वर्षांत घालवते. टिकून राहिला तरी गाठ व्हायला साधारण १५-२० वर्षे लागतात. मग पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांतल्या नेमक्या कोणाला उपचार द्यायचा? विषाणू रुतला आहे का हे पाहून ठरवता येईल, अशी आशा वीस-तीस वर्षे आहे. बाजू घेणारे म्हणतात, रुतणे हे परतीचा रस्ता बंद झाल्याचे चिन्ह आहे. विरोधकांचे म्हणणे असे की चौथा हिस्सा एचपीव्ही-१६ गाठी या चाचणीतून निसटतील, आणि सौम्य बदलांतही कधी कधी रुतलेला विषाणू सापडतो, तिथे विनाकारण उपचार होतील. आज तरी ही चाचणी प्रयोगशाळेबाहेर पडण्याइतकी सिद्ध झालेली नाही.

विनाकारण उपचाराची भीती मराठवाड्यात पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८००हून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते एवढ्यावरून ‘पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितल्याचे अनेकींनी म्हटले आहे. विषाणू असणे, तो टिकणे, तो रुतणे आणि गाठ होणे या चार पायऱ्या आहेत. त्या एकच समजल्या तर बाईला काय सोसावे लागते ते इथे दिसले.

औषध म्हणून आलेला विषाणू

या विषयाचा सर्वांत दुःखद आणि सर्वांत नि:संशय पुरावा उपचारातूनच मिळाला. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर २०००च्या सुमारास पॅरिसमध्ये आलँ फिशर आणि मारिना कावाझाना-काल्व्हो यांनी, पुढे लंडनमध्येही, जनुकोपचार केला. मुलांच्या मूळपेशींत चांगले जनुक पोचवायला उंदराच्या रेट्रोव्हायरसचे वाहन वापरले. मुले बरी झाली, घरी गेली. मग काही वर्षांत दोन्ही शहरांतल्या मिळून सुमारे २० मुलांपैकी ५ जणांना रक्ताचा कर्करोग झाला, एक दगावला. त्यांतल्या बहुतेकांत वाहन ‘एलएमओ-२’ या कर्कजनुकापाशी रुतले होते आणि त्याच्या वर्धकाने ते पेटवले होते. १९८१ची कोंबडी सगळ्यांना तेव्हा आठवली असेल.

त्यानंतर वाहनाची टोके छाटून त्यांतला ऑटो काढला गेला आणि एचआयव्हीच्या कुळातली, लेंटिव्हायरसची वाहने आली. धोका बराच कमी झाला, संपला नाही. मेंदूच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरच्या ‘स्कायसोना’ या उपचारात ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. तिथे टोके छाटलेली होती, पण आत बसवलेला प्रवर्तक फार जोरकस होता.

कर्करोगावरच्या कार-टी उपचारातही रुग्णाच्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींत असेच वाहन रुतवतात. २०२३च्या अखेरपर्यंत अमेरिकेत २७ हजारांहून अधिक डोस दिल्यावर टी-पेशींचे २२ नवे कर्करोग नोंदले गेले. ज्या तिघांच्या गाठींचे जनुकवाचन तोवर झाले होते, त्यांत रुतवलेले जनुक होते. तिथल्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये वेष्टनावर इशारा छापायला लावला. उलट स्टॅनफर्डने त्याच वर्षी ७२४ रुग्णांचा तपशील दिला, त्यांत टी-पेशींचा असा कर्करोग एकच होता आणि तोही वाहनाच्या रुतण्यामुळे झाल्याचा पुरावा नव्हता. एका रुग्णात तर वाहन ‘टेट-२’ जनुकात रुतल्याने कार-टी पेशींनीच जोम धरला आणि तो बरा झाला, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आज बहुतेक तज्ज्ञ मानतात की दुसरा उपाय न उरलेल्या रुग्णाला फायदा धोक्याहून कितीतरी मोठा आहे. मलाही तसेच वाटते. मतभेद उरतो तो हा उपचार आजाराच्या सुरुवातीला, किंवा कर्करोग नसलेल्या आजारांत द्यावा का, यावर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्रात घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कार-टी उपचाराला भारतात मंजुरी मिळाली. परदेशातल्या किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात हा उपचार मिळू लागला, म्हणजे गावाकडचे रुग्णही त्याच्या कक्षेत येऊ लागले. त्याचे वाहनही लेंटिव्हायरसच आहे. अमेरिकेत अशा रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवायला सांगितले जाते : ठरावीक काळाने रक्त घ्यायचे आणि एकाच जागी वाहन रुतलेल्या पेशींची संख्या एकाएकी वाढते आहे का ते पाहायचे. हाच दंडक आपल्याकडे पाळायचा, तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारा, फोन नंबर बदलणारा, मुंबईच्या भाड्याला पैसे नसणारा रुग्ण १५ वर्षे सापडला पाहिजे, आणि त्याचे रक्त जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन पुढे पाठवण्याची सोय पाहिजे. बार्शीत १९८७ पासून खेड्यांतली कर्करोग-नोंदणी घरोघरी जाऊन होते, धाराशिवात लाखाहून अधिक बायकांचा माग आठ वर्षे ठेवला गेला, म्हणजे हे काम इथे जमते. पहिल्या वर्षी नेक्सकार घेतलेल्यांची १५ वर्षे २०३८-३९च्या सुमारास भरतील.